सुप्त अंगातील शूल : मज्जारज्जूच्या आघातानंतरची चिरकारी वेदना

पाठीच्या कण्याला इजा होऊन कमरेखालचे अंग निकामी झालेला रुग्ण वैद्याकडे येतो, तेव्हा तो पुन्हा चालण्याची आशा धरून आला असावा, अशी आपली सहज समजूत होते. पहिल्या वर्षात ती बरीचशी खरीही असते. परंतु तिसऱ्या-चौथ्या वर्षी येणाऱ्या रुग्णास सावकाश बोलते केले, तर पुष्कळदा निराळेच मागणे ऐकू येते. चालणे राहू द्या, पायांतली ही आग तेवढी थांबवा, असे तो म्हणतो. प्रस्तुत लेखाचा विषय ही आग आहे. ती ओळखावी कशी, तिच्याकडे शास्त्रदृष्टीने पाहावे कसे, आणि तिच्यावर उपचार करताना आपल्या हातून रुग्णाचे अहित होऊ नये यासाठी कोणती दक्षता घ्यावी, याचा विचार येथे करावयाचा आहे. या तीन गोष्टींपैकी शेवटची आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते, म्हणून तिला अधिक जागा दिली आहे.

अशा रुग्णांची संख्या वाढली याचे कारण एका अर्थी समाधानाचे आहे. दुसऱ्या महायुद्धापूर्वी मज्जारज्जूला गंभीर इजा झालेला मनुष्य फार काळ जगत नसे. शय्याव्रण, मूत्रमार्गाचा संसर्ग आणि वृक्कांची हानी यांनी तो दगावत असे. इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिल येथे लुडविग गुटमन यांनी १९४४ मध्ये अशा रुग्णांसाठी स्वतंत्र केंद्र सुरू केले. नियमित कूस पालटणे, मूत्राशयाची काळजी घेणे आणि खेळ व व्यवसाय यांद्वारे पुनर्वसन करणे, या साध्या वाटणाऱ्या गोष्टींनी चित्र पालटले. आपल्याकडे मुंबईत हाजी अली येथील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ पासून, तर खडकी येथील जखमी सैनिकांचे पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र १९७४ पासून कार्य करीत आहे. आज योग्य शुश्रूषा मिळालेला रुग्ण चाकाच्या खुर्चीवर अनेक दशके जगू शकतो. प्राण वाचले, आणि त्या वाचलेल्या आयुष्यात वेदना हा प्रश्न उरला. मज्जारज्जूची इजा झालेल्यांपैकी सुमारे निम्म्या रुग्णांना मज्जातंतूजन्य वेदना जडते. माडावरून वा आंब्यावरून पडलेले, बांधकामाच्या परातीवरून कोसळलेले, दुचाकीच्या अपघातात सापडलेले असे हे बहुधा कमावत्या वयाचे रुग्ण असतात.

जे कळत नाही ते दुखते कसे?

हा प्रश्न रुग्णाचे घरचे लोक विचारतात. काही वेळा तो उघड नसतो, संशयाच्या रूपाने घरात वावरत असतो. पायाला टाचणी टोचली तर कळत नाही, आणि त्याच पायात रात्रभर निखारे ठेवल्यासारखे होते, हे ऐकणाऱ्यास खोटे वाटते. मनाचे खेळ आहेत, असा निर्वाळा देणारे शेजारी सर्वत्र असतातच. म्हणून चिकित्सेच्या आरंभीच रुग्ण व नातेवाईक या दोघांनाही समोर बसवून वेदनेचे कारण समजावून सांगावे, असे आमचे मत आहे. केवळ एवढ्यानेही रुग्णाच्या चेहऱ्यावरील ताण उतरलेला आम्ही पाहिला आहे.

समजावण्यासाठी फार शरीरक्रिया सांगावी लागत नाही. पायाकडील स्पर्श, उष्ण, शीत व वेदना यांची वार्ता मज्जारज्जूतून मेंदूकडे जाते. आघाताने हा मार्ग तुटला, परंतु मेंदूत पायांसाठी असलेली जागा तुटलेली नाही. ती वार्तेची वाट पाहत राहते. दुसरीकडे, आघाताच्या जागेवरील जखमी तंतुकोशिका कारणावाचूनच संदेश सोडू लागतात, आणि वेदनेला आवर घालणारी जी स्वाभाविक यंत्रणा मज्जारज्जूत असते ती दुबळी होते. तार तुटली म्हणून यंत्र मुके होतेच असे नाही, त्यातून अखंड खरखर येऊ शकते, एवढा दृष्टान्त बहुतेकांना पुरतो. इजा पूर्ण असली, म्हणजे खालच्या अंगात कोणतीही संवेदना व हालचाल उरलेली नसली, तरीही ही वेदना होऊ शकते.

वेदना एकच नसते

अशा रुग्णाच्या सर्व दुखण्याला एकाच नावाखाली बांधणे ही चिकित्सेतील पहिली अडचण होय. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाचा येथे चांगला उपयोग होतो. त्यात एका बाजूस मांस, अस्थी, संधी व आशय यांपासून उत्पन्न होणारी वेदना ठेवली आहे, आणि दुसऱ्या बाजूस मज्जातंतूजन्य वेदना. मज्जातंतूजन्य वेदनेचे पुन्हा दोन भाग केले आहेत. आघाताच्या पातळीवर व तिच्या खालील तीन त्वचाखंडांच्या आत जाणवणारी ती पातळीवरची. त्याहून खाली, नितंब, पाय, तळवे येथे जाणवणारी ती पातळीखालची. पहिली बहुधा लवकर, काही आठवड्यांत वा महिन्यांत सुरू होते. दुसरी उशिरा येते, आणि आली की सहसा मुक्काम करते.

व्यवहारात रुग्णाच्या शब्दांकडे कान दिला तर पुष्कळ उलगडा होतो. आपली मराठी भाषा या बाबतीत श्रीमंत आहे. खांदा 'ठणकतो' किंवा 'भरून येतो' असे सांगणारा रुग्ण मज्जातंतूजन्य वेदना सांगत नसतो. वर्षानुवर्षे हातांनी खुर्ची ढकलून आणि हातांच्या बळावर अंग उचलून खांद्याचा संधी झिजलेला असतो. याउलट 'आग होते', 'रखरखते', 'चुणचुणते', 'मुंग्या चालतात', 'करंट बसल्यागत झटका येतो', 'कमरेला पट्टा आवळल्यासारखे वाटते', 'पांघरुणाचा स्पर्शही सोसत नाही' हे शब्द मज्जातंतूंकडे बोट दाखवितात. पोट जड होऊन येणारी, मलप्रवृत्तीनंतर हलकी होणारी कळ ही आशयाची असते. रुग्णास 'दुखते का?' असे विचारण्यापेक्षा 'कसे होते?' असे विचारावे, आणि त्याने वापरलेला शब्द जसाच्या तसा टिपून ठेवावा. पुढील भेटीत त्याच शब्दाने विचारणा करता येते.

शास्त्रविचार

प्राचीन ग्रंथांत या अवस्थेचे एका नावाने वर्णन शोधू गेल्यास ते मिळणार नाही. परंतु तिचे अवयव ठिकठिकाणी विखुरलेले आहेत. सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानाच्या सहाव्या अध्यायात पृष्ठमर्मांमध्ये कुकुंदर मर्म सांगितले असून त्याच्या आघाताने अधःकायाचे स्पर्शज्ञान व चेष्टा नष्ट होतात, असे स्पष्ट म्हटले आहे. पाठीवरील आघात आणि खालच्या अंगाची सुप्ती व निश्चेष्टता हा संबंध त्यांच्या दृष्टीतून निसटलेला नव्हता. भग्नचिकित्सेत सांगितलेले कपाटशयन, म्हणजे फळीवर रुग्णास बांधून निश्चल ठेवणे, हे तर आजच्या अपघातस्थळावरील पहिल्या उपचाराची आठवण करून देते.

वेदनेच्या दृष्टीने चरकसंहितेतील चिकित्सास्थानाचा २८ वा अध्याय पुन्हा काळजीपूर्वक वाचावा, अशी वाचकांस विनंती आहे. मज्जा व अस्थी यांत वात कुपित झाला असता अस्थिभेद, संधिशूल, मांसबलक्षय, निद्रानाश आणि सतत वेदना ही लक्षणे सांगितली आहेत. सतत वेदना आणि झोप नाही, ही जोडी आमच्या बहुतेक रुग्णांत आढळते. त्याच अध्यायातील आवरणांच्या वर्णनात मज्जावृत वाताचे परिवेष्टन, म्हणजे गुंडाळल्यासारखे वाटणे, हे लक्षण आले आहे, आणि हातांनी दाबल्यास बरे वाटते असेही म्हटले आहे. कमरेला पट्टा आवळल्याची तक्रार करणारा, व तो पट्टा दोन्ही हातांनी दाबून धरणारा रुग्ण ज्याने पाहिला आहे, त्यास हे वर्णन वाचताना नवल वाटल्याखेरीज राहणार नाही. मांसावृतातील मुंग्या फिरल्याची जाणीव, अस्थ्यावृतातील सुया टोचल्याची जाणीव, पित्तावृतातील दाह व शीताची इच्छा ही लक्षणेही अशीच उपयोगी पडतात. सुश्रुतोक्त पाददाह व पादहर्ष यांतील दोषभेद पाहिला, तर पायांची आग होणाऱ्या आणि पाय बधिर होऊन शहारणाऱ्या रुग्णांना एकच तेल व एकच कल्प देणे किती अयोग्य आहे, हे कळून येते.

येथे एक गोष्ट आवर्जून नमूद करावीशी वाटते. आयुर्वेदातील मज्जा धातू म्हणजेच आधुनिकांची मज्जारज्जू, असे समीकरण काही लेखांतून बिनदिक्कत मांडले जाते. मराठीत 'मज्जारज्जू' व 'मज्जातंतू' हे शब्द रूढ झाल्यामुळे हा भ्रम अधिकच वाढला. अस्थिगत स्नेह आणि मेरुदंडातील रज्जू या दोन वस्तू आहेत. वरील लक्षणसाम्य चिकित्सेला दिशा देते, एवढेच आमचे म्हणणे आहे. नावांची ओढाताण करून शास्त्राची प्रतिष्ठा वाढत नाही.

साध्यासाध्यतेविषयी चरकाचार्य पुरेसे स्पष्ट आहेत. स्थान गंभीर असल्यामुळे असे विकार यत्नानेही सिद्ध होतात वा होत नाहीत. नवीन, उपद्रवरहित आणि बलवान रुग्णातील विकारांवर उपचार करावेत, असा त्यांचा अभिप्राय आहे. जुनी मज्जातंतूजन्य वेदना आम्ही याप्य मानतो. याप्य या शब्दाचा अर्थ 'काही होणार नाही' असा नव्हे. सुश्रुताचार्यांनी पडू पाहणाऱ्या घराला नीट लावलेल्या टेकूची उपमा याप्य रुग्णाच्या चिकित्सेस दिली आहे. टेकू लावला की घर नवे होत नाही, पण त्यात राहता येते.

एक रुग्ण

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील ३८ वर्षे वयाचा एक पुरुष रुग्ण माडावरून पडल्यानंतर चौथ्या वर्षी आमच्याकडे आला. आघात पाठीच्या खालच्या मणक्यांत होता. पाय पूर्णपणे निश्चेष्ट होते. दोन्ही तळव्यांची आग, विशेषतः रात्री दहानंतर, आणि नाभीखाली आवळल्यासारखी वेदना. शून्य ते दहा या मोजपट्टीवर तो वेदनेस आठ गुण देत असे. मधल्या काळात एका ठिकाणी, पाय पुन्हा चालू लागतील अशा हमीवर, त्याला तीन महिन्यांचा स्वेदनक्रम देण्यात आला होता. त्यासाठी बागेचा एक तुकडा विकावा लागला. गरम पोटलीने उजव्या टाचेवर फोड आला, तो रुग्णास कळला नाही, आणि त्याचा व्रण झाला. आमच्याकडे आला तेव्हा व्रण दोन बोटे रुंद होता, मूत्र गढूळ होते, मलप्रवृत्ती पाच-सहा दिवसांनी होत असे.

आम्ही वेदनेवर पहिले तीन आठवडे स्वतंत्र औषध दिलेच नाही. मूत्रपरीक्षण करून संसर्गाचा उपचार त्याच्या नेहमीच्या डॉक्टरांकडून करून घेतला. एरंडस्नेह व आहारातील बदल यांनी मलप्रवृत्ती एक दिवसाआड, ठरलेल्या वेळी होऊ लागली. टाच अधांतरी राहील अशी उशी पोटरीखाली ठेवण्यास सांगून व्रणकर्म केले. तीन आठवड्यांनंतर त्याने मोजपट्टीवर सहा हा आकडा सांगितला. यात आश्चर्य काहीच नाही. आघाताच्या पातळीखालील कोणताही उपद्रव, म्हणजे भरलेला मूत्राशय, कोंडलेला मल, व्रण, बोटात रुतलेले नख, रुग्णास दुखणे म्हणून कळत नाही. तो जुन्या आगीच्या वाढीच्या रूपाने कळतो. म्हणून वेदना अकस्मात वाढली की आधी या चार जागा तपासाव्यात, मग औषधाचा विचार करावा.

पुढे मृदू स्नेहन, मात्राबस्तीचे क्रम, रात्रीचे बलासिद्ध दूध आणि आधीपासून चालू असलेले प्रीगॅबालिन तसेच पुढे चालू ठेवून आठ महिन्यांनी वेदना पाच व चार यांच्या दरम्यान स्थिरावली. झोप सलग पाच तास लागू लागली. तो भावाच्या दुकानात सकाळचे चार तास बसू लागला. एका भेटीत त्याच्या पत्नीने विचारले, "वैद्यबुवा, हे मुळातून जाईल ना?" आम्ही तिला सांगितले, "ताई, मुळातून जाईल असे मी म्हणणार नाही. पण आठावरून चारावर आले आहे, ते चारावर ठेवणे आपल्या हाती आहे." ती काही वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "मग उरलेली बाग नाही विकत." या एका वाक्यासाठी हा वृत्तान्त येथे दिला आहे.

स्वेदन, अभ्यंग, बस्ती : दक्षता

वातव्याधी म्हटले की स्नेहन-स्वेदन-बस्ती हे त्रिक आपल्या हाताशी येते, आणि ते योग्यच आहे. परंतु ग्रंथकारांसमोरील रुग्णास 'चटका बसतो' असे सांगता येत होते. आपल्यासमोरील रुग्णास ते सांगता येत नाही.

सुप्त अंगावर पोटली, नाडीस्वेद, वाफ, गरम पाण्याची पिशवी वा विजेची शेक देणारी उपकरणे वापरू नयेत, असे आम्ही स्पष्टपणे म्हणतो. ६० अंश सेल्सिअस उष्णतेचे पाणी काही सेकंदांतच खोलवर दाह करते. निरोगी मनुष्य त्याआधी पाय ओढून घेतो, हा रुग्ण ओढत नाही. शिवाय अशा त्वचेचा रक्तपुरवठा मंद असल्याने व्रण भरण्यास महिने लागतात. तेल वा काढा कोमट हवा असेल तर उष्णता तापमापकाने मोजावी, ती शरीराच्या उष्णतेच्या आसपास असावी, आणि परिचारकाने स्वतःच्या मनगटाच्या आतील बाजूस आधी लावून पाहावी. रुग्णाला 'गरम लागते का?' असे विचारण्यात अर्थ नाही. मान वा छातीच्या वरच्या भागात आघात असलेल्यांना पेटीतील सर्वांगस्वेद तर सर्वथा वर्ज्य समजावा. आघाताखाली घाम येत नसल्याने देह तापतो आणि निवत नाही. आघाताच्या पातळीच्या वर, म्हणजे खांदे, मान, दंड येथे संवेदना शाबूत असल्यास, मात्र नेहमीप्रमाणे स्वेदन करता येते, आणि खांद्याच्या वेदनेत त्याचा चांगला उपशय मिळतो.

अभ्यंग हलक्या हाताने करावा. दीर्घकाळ भार न पडल्याने पायांची हाडे विरळ झालेली असतात, जोराच्या मर्दनाने वा ताणाने ती मोडू शकतात, आणि मोडल्याचे रुग्णास कळत नाही. एकच पाय सुजला, गरम लागला, तर मर्दन तत्काळ थांबवावे. शिरेत रक्ताची गुठळी झाली असण्याचा संभव असतो, विशेषतः आघातानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत, आणि ती चोळल्याने फुप्फुसाकडे जाऊ शकते. ज्या जागी पांघरुणाचा स्पर्शही सोसत नाही तेथे तेल चोळू नये, तेलात भिजविलेली मऊ घडी नुसती ठेवून पाहावी. दाहप्रधान अवस्थेत क्षीरबला वा चंदनबलालाक्षादी, तर शैत्य व जडता असताना महानारायण अशी निवड आम्ही करतो. एक किरकोळ वाटणारी परंतु अनुभवाने आवश्यक ठरलेली सूचना अशी, की अभ्यंगानंतर अंग नीट पुसल्याखेरीज रुग्णास खाटेवरून खुर्चीवर घेऊ नये. तेलकट अंग हातातून निसटते. माकडहाडाजवळ तेल साचून त्वचा ओली राहिल्यास तेथे शय्याव्रणाची सुरुवात होते.

बस्ती हा वाताचा प्रधान उपक्रम असल्याने त्याविषयी जरा विस्ताराने लिहिणे भाग आहे. पाठीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर वा त्याहून वर आघात असलेल्या रुग्णात गुदमार्गाची कोणतीही उत्तेजना रक्तदाब एकाएकी वाढवू शकते. डोके ठणकणे, चेहरा व मान लाल होऊन घाम येणे, नाडी मंदावणे ही तिची लक्षणे होत. अशा रुग्णाचा नेहमीचा वरचा रक्तदाब ९० ते ११० असतो, म्हणून १३० हा आकडा पाहून आपण निर्धास्त राहू नये. नेहमीपेक्षा २० ते ४० अंकांची वाढ ही त्याच्यासाठी धोक्याची आहे. असे होताच बस्तिनेत्र काढून घ्यावे, रुग्णास बसते करावे, कमरेचे व छातीचे कपडे सैल करावेत, मूत्रनलिका दुमडली आहे का ते पाहावे, आणि दाब उतरत नसल्यास विनाविलंब रुग्णालयात न्यावे. या विकाराने मेंदूत रक्तस्राव होऊन मृत्यू आलेले आहेत. म्हणून या पातळीच्या रुग्णात रक्तदाबाचे यंत्र व रुग्णालय हाताशी नसताना बस्ती देऊ नये. आधी मूत्राशय रिकामे करून, बोटाने गुदपरीक्षण करून, नेत्र भरपूर स्निग्ध करून, सावकाश द्यावा.

कमरेच्या पातळीवरील आघातात निराळी अडचण असते. गुदवलींचा संकोच शिथिल झाल्याने दिलेला स्नेह लगेच बाहेर येतो. त्यास बस्तिव्यापद समजून मात्रा वाढवू नये. नितंब उंच ठेवून, मात्रा निम्मी करून, दोनदा विभागून दिल्यास थोडाफार टिकतो. उलट वरच्या आघातात संकोच दृढ असतो, वेग कळत नाही, आणि निरूह आत राहून जातो. प्रत्यागमाचा मुहूर्त, म्हणजे ४८ मिनिटे, घड्याळ लावूनच पाहावा.

औषधांविषयी

बला, शतावरी, गुडूची, एरंडमूळ, रास्ना, अश्वगंधा ही आमची नेहमीची द्रव्ये आहेत. त्यांवर स्वतंत्र लिहिण्याजोगे काही नाही, दोष, अग्नी व कोष्ठ पाहून योजना करावी. या वेदनेत त्यांचा उपयोग आम्ही झोप, कोष्ठ व बल यांच्या द्वारे होणारा मानतो. थेट वेदनाहर म्हणून त्यांची जाहिरात करावी असा पुरावा आपल्यापाशी नाही.

विषतिंदुक असलेल्या कल्पांविषयी मात्र सावध केले पाहिजे. 'नसांचे औषध' म्हणून ते सर्रास दिले जातात. कुचल्यातील प्रमुख विष मज्जारज्जूतील आवर घालणाऱ्या यंत्रणेलाच रोखते, आणि वर सांगितल्याप्रमाणे या वेदनेच्या मुळाशी तीच यंत्रणा दुबळी झालेली असते. ज्याच्या पायांना आधीच झटके येतात, पाय ताठ होतात, त्यास हे देणे म्हणजे आगीत तेल ओतणे होय. रसकल्पांचा दीर्घकाळ वापरही या रुग्णांत टाळावा. त्यांच्या वृक्कांवर मूत्राशयाच्या विकाराचा भार कायम असतोच.

रुग्ण बहुधा आधुनिक औषधे घेत असतो. प्रीगॅबालिन, गॅबापेंटिन, अमिट्रिप्टिलिन, डुलोक्सेटिन ही त्यांतील मुख्य. प्रीगॅबालिनला या विशिष्ट वेदनेसाठी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१२ मध्ये मान्यता दिली. या औषधांनी वेदना पूर्ण जाणारे रुग्ण थोडे असतात. ३० टक्के घट झाली तरी ती अर्थपूर्ण मानली जाते, हा मापदंड आपणही स्वीकारावा. 'आमचे औषध सुरू केले, आता ती गोळी बंद करा' असे सांगण्याचा मोह काही वैद्यांना होतो. ही औषधे अचानक थांबविल्यास निद्रानाश, अस्वस्थता, क्वचित आक्षेपही येतात. झटक्यांसाठी दिलेले बॅक्लोफेन एकाएकी तोडणे तर जिवावर बेतू शकते. मात्रा कमी करणे ज्याने ती सुरू केली त्या चिकित्सकाच्या संमतीने, हळूहळू व्हावे. गॅबापेंटिन व प्रीगॅबालिन वृक्कांवाटे बाहेर पडतात. म्हणून ग्लानी वाढली, तोल जाऊ लागला, तर क्रिएटिनिन तपासून घ्यावे. त्यांच्या जोडीला निद्राकर द्रव्ये देताना मात्रा अल्प ठेवावी.

सत्त्वावजय

चरकाचार्यांच्या त्रिविध औषधांपैकी तिसऱ्याकडे आपले दुर्लक्ष होते, आणि या विकारात तर त्यावाचून चालत नाही. रात्र ही या वेदनेची खरी वेळ. दिवसभर माणसे, कामे, बोलणे यांत मन गुंतलेले असते, दिवा मालवला की तळवे पेटतात. म्हणून झोपेची वेळ ठरविणे, दुपारची झोप टाळणे, सायंकाळनंतर चहा बंद करणे, झोपण्यापूर्वी दीर्घ श्वसनाचा वा नामस्मरणाचा, जे ज्याला रुचेल त्याचा, अभ्यास करणे या गोष्टी औषधाइतक्याच गांभीर्याने लिहून द्याव्यात. मनाला गुंतवून ठेवणारे काम ही वेदनेवरील फार चांगली मात्रा आहे. ते काम कमाईचे असेल तर अधिकच. निराशा खोल असेल, जगण्याचा कंटाळा बोलून दाखविला जात असेल, तर मानसरोगतज्ज्ञाचे साहाय्य घेण्यास संकोच करू नये.

१९६५ च्या युद्धात मेरुदंडात गोळी लागलेले सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथील पॅरालिम्पिक स्पर्धेत पोहण्याचे सुवर्णपदक जिंकले, हे आपण सारे अभिमानाने सांगतो. रुग्णासमोर हे उदाहरण कधी ठेवावे याचा मात्र विवेक हवा. रात्रभर न झोपलेल्या माणसाला सकाळी पराक्रमाची कथा ऐकविली, तर ती त्यास आपल्या दुबळेपणाचा दाखला वाटते. खेळ वा पोहणे सुचवावयाचे ते झोप सुधारल्यावर, खांदे तपासून, आणि जवळपास तशी सोय आहे याची खात्री करून.

शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीचीही विचारपूस करावी. पत्नी वा आई रात्री दर दोन तासांनी उठून कूस पालटत असते. तिची कंबर, तिची झोप, तिचा आहार यांकडे कोणीच पाहत नाही. प्रत्येक भेटीत दोन मिनिटे तिच्यासाठी ठेवावीत, आणि कूस पालटण्याचे काम घरातील दुसऱ्या कोणाकडे आठवड्यातून दोन रात्री तरी देता येईल का, हे सर्वांदेखत विचारावे. सर्वांदेखत विचारल्याने उत्तर बहुधा होकारार्थी येते.

पुन्हा तपासणीस केव्हा पाठवावे

वेदना बरीच वर्षे एकाच रूपात राहते, म्हणून तिचे रूप बदलले की ती बातमी समजावी. आघातानंतर काही महिन्यांनी, कधी वीस वर्षांनीही, मज्जारज्जूत द्रवाची पोकळी तयार होऊन ती वर सरकू लागते. आधी जिथे स्पर्श कळत होता तिथे तो कळेनासा होणे, हातांची पकड सैल होणे, खोकताना वा शिंकताना वेदना उसळणे, झटके वाढणे वा घाम येण्याची तऱ्हा बदलणे ही तिची चिन्हे होत. त्यासाठी पहिल्याच भेटीत स्पर्शज्ञानाची सीमा रुग्णाच्या अंगावर पाहून केसपेपरवर चित्राने नोंदवून ठेवावी, आणि दर तीन महिन्यांनी ती पुन्हा काढावी. सीमा दोन बोटे जरी वर सरकलेली दिसली, तरी बस्तीचा पुढील क्रम थांबवून रुग्णास एमआरआय व शल्यचिकित्सकाच्या मतासाठी त्याच आठवड्यात पाठवावे, आणि सोबत दोन्ही चित्रांच्या प्रती द्याव्यात.